जो हजर, त्याची भूमिका

या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नाही. आतल्या पानावर हे नाटक रचणाऱ्या कॉलेजच्या गटातल्या सगळ्यांची नावं अकारविल्हे दिली आहेत, आणि कुणाच्याही नावापुढे 'लेखन', 'दिग्दर्शन', 'नेपथ्य' असं काही छापलेलं नाही. यात विनयाचा भाग नाही. कुठलं वाक्य कुणाचं, याचा छडा लावायला ही मुलं एकदा बसली होती. दोन प्रवेशांतच त्यांनी तो नाद सोडला. एकानं सांगितलेली हकीकत दुसरीनं लिहून काढली, तिसऱ्यानं ती तालमीत आपल्या बोलीत म्हटली, चौथी त्या दिवशी कॉलवर नव्हती म्हणून तिनं ती ऐकीव माहितीवर पुन्हा रचली, आणि संहितेत आली ती तिची. आता लेखक कुणाला म्हणायचं?

सामूहिक नाट्यनिर्मिती म्हटलं की सगळ्यांनी गोल बसायचं, प्रत्येकानं थोडंथोडं सुचवायचं आणि त्यातून नाटक करायचं, असं आपण धरून चालतो. तसं करताही येतं, आणि बहुतेक वेळा ते नाटक सगळ्यांनी थोडंथोडं सुचवल्यासारखंच दिसतं. या संहितेपुढचा प्रश्न निराळा होता. उद्याच्या तालमीला कोण असेल याची खात्री नसताना, कुणीही गळालं तरी उभं राहील असं नाटक बांधायचं कसं? हा प्रश्न महासाथीनं टाकला. मुलांनी शोधलेलं उत्तर मात्र साथ सरल्यावरही कामाचं आहे, असं मला वाटतं. ही प्रस्तावना लांबली आहे ती त्यासाठी.

पुण्यातल्या कॉलेजच्या नाटकाची घडी आधी सांगायला हवी. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे. पावसाळ्यात कॉलेजं सुरू झाली की नाट्यमंडळांना दुसरं काही सुचत नाही, आणि भरत नाट्य मंदिरात 'अरे, आवाज कुणाचा' सुरू झालं की स्पर्धा आली हे सदाशिव पेठेला वेगळं सांगावं लागत नाही. या घडीत एक लेखक असतो, बहुधा आजी किंवा माजी विद्यार्थी. एक दिग्दर्शक असतो, त्याचा शब्द शेवटचा. बाकीची पलटण लेव्हल उचलते, कपड्यांना इस्त्री करते, चहा आणते आणि पुढच्या वर्षी आपला नंबर लागेल या आशेवर सगळं बघून बघून शिकते. लेखनाची, दिग्दर्शनाची, अभिनयाची बक्षिसं ज्याची त्याला मिळतात. या घडीनं रंगभूमीला, मालिकांना, चित्रपटांना कितीतरी माणसं दिली. तिला नावं ठेवायचा माझा विचार नाही. पण सगळे रोज एका खोलीत वेळेवर जमतील, हे तिनं गृहीत धरलेलं असतं.

मार्च २०२० मध्ये ते गृहीतच निकालात निघालं. ९ मार्चला करोनाचे राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. १३ मार्चला सरकारनं साथरोग कायदा लागू केला. तो १८९७ चा, प्लेगच्या दिवसांतला. नाट्यगृहं बंद झाली, कॉलेजं बंद झाली, मेसचे डबे थांबले. २५ मार्चपासून देश बंद झाला तोवर होस्टेलमधली बहुतेक मुलं मिळेल त्या गाडीनं गावी पोहोचली होती. आमच्या गटातलं कुणी कुडाळजवळ, कुणी उदगीरकडे, कुणी नंदुरबारला, तर कुणी सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात.

पहिल्या पावसाच्या सुमाराला कुणीतरी झूमवर तालीम करायची टूम काढली. एक तयार एकांकिका घेतली. फुकटचा कॉल चाळीस मिनिटांनी तुटायचा, पण ती अडचण किरकोळ होती; उलट कधी नव्हे ती वेळेची शिस्त लागली. खरी अडचण यंत्राच्या स्वभावात होती. दोन माणसं एकदम बोलली की झूम एकाचा आवाज पुढे करतं आणि दुसऱ्याचा दाबतं. भांडण, एकमेकांची वाक्यं तोडणं, कोरस, हे सगळं दोन आवाज एका वेळी ऐकू येण्यावर चालतं. शिवाय प्रत्येकाचा आवाज कमीजास्त उशिरानं पोहोचतो, त्यामुळे टाळीत टाळी मिसळत नाही. समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं तर कॅमेऱ्याकडे बघावं लागतं, आणि कॅमेऱ्याकडे बघितलं की समोरचा दिसत नाही.

२२ मार्चला देशानं थाळ्या वाजवल्या होत्या. त्या प्रसंगानं काहीतरी नवं सुरू करून बघू, असं एका संध्याकाळी ठरलं. सगळ्यांनी स्वयंपाकघरातून थाळ्या आणल्या आणि जीव खाऊन बडवल्या. कॉलवर शांतता! झूमनं तो सगळा आवाज गोंगाट समजून गाळून टाकला होता. हात हलताना दिसत होते, कुणाच्या तरी मागे वैतागलेले काका येऊन उभे राहिलेले दिसत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' सुरू करावा लागतो, हा शोध नंतर लागला. तोवर तो मुका थाळीनाद सगळ्यांना इतका आवडला होता की तो तसाच राहिला. या संहितेच्या पहिल्या प्रवेशात थाळ्या वाजतात आणि आवाज होत नाही. ही कल्पना कुणाची, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. झूमची, असंच सांगावं लागतं.

यंत्राखेरीज घरं होती. एका खोलीच्या घरात प्रेमाचा प्रवेश वाचायचा कसा? शिवी असलेलं वाक्य आजीसमोर म्हणायचं कसं? एका मुलीच्या घरातला एकुलता एक स्मार्टफोन दुपारपर्यंत धाकट्या भावाच्या शाळेसाठी अडकलेला असे, संध्याकाळ स्वयंपाकात जाई, आणि तिची तालीम भांडी झाल्यावर गच्चीवर सुरू होई. गटातल्या एकाही मुलाला भांड्यांमुळे उशीर झाला नाही. ही गोष्ट संहितेत एका ओळीत आली आहे, ती वाचकानं हुडकावी. रोजचा दीड जीबी डेटा ऑनलाइन तासांतच संपायचा. होता होता ज्याच्या घरी वायफाय त्याला मोठी भूमिका आणि ज्याच्या गावाला रेंज नाही तो पडद्यामागे, अशी विभागणी आपोआप होत गेली. ती कुणी ठरवली नव्हती, म्हणून कुणाला तिच्याविरुद्ध तक्रारही करता येईना.

तयार एकांकिका लवकरच बारगळली. ज्याचं पाठांतर चोख तो नेमका गायब, आणि जो हजर त्याला वाक्यं येत नाहीत, हे रोजचं झालं. लावणी सुरू झाल्यावर कोकणातली मुलं दिवसभर चिखलात. कुणाच्या घरी रुग्ण, तर कुणी स्वतः विलगीकरणात. यावरून एकदा चिडचिड चालली असताना कुडाळकडचा मुलगा म्हणाला, "पाठ कोण करता? गोष्ट ठावक आसली म्हणजे झाला."

त्याचे वडील दशावतारी नट. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, जाणता नट कथेचा ओघ सांगतो आणि संवाद रंगमंचावर त्या त्या वेळी जुळवले जातात. राजाचं काम करणारा अडला तर दुसरा मुकुट चढवतो, कारण गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. कार्तिकापासून जत्रांमागून जत्रा करणाऱ्या त्यांच्या कंपनीचा उरलेला हंगाम मार्चमध्येच बुडाला होता आणि ते घरी होते. मुलांनी त्यांना कॉलवर बोलावलं. त्यांनी भाषण केलं नाही. एक आख्यान थोडक्यात सांगितलं, "आता तुमी करा" म्हणाले आणि बघत बसले. मुलांचं झाल्यावर त्यांनी जो शेरा दिला त्याचा मतलब असा होता: तुम्ही ऐकत नाही, आपल्या वाक्याची वाट बघता. नाट्यशिक्षणाच्या कामात इतक्या वर्षांत इतकं नेमकं निदान मी क्वचित ऐकलं आहे.

त्यातून या नाटकाचा पहिला नियम आला. पाठांतर बंद. कुणीही एक पात्र आपलं म्हणून धरून बसायचं नाही; प्रत्येकाला निदान तीन पात्रांचा सगळा प्रवास ठाऊक हवा. जो हजर, त्याची भूमिका. बोलता बोलता कुणाची रेंज गेली तर ज्याच्या पहिल्यांदा लक्षात येईल त्यानं ते वाक्य पुढे न्यायचं. नियम अडचणीपोटी आला, पण त्याचा परिणाम तालमीत लगेच दिसला. कुठल्या क्षणी वाक्य आपल्या गळ्यात पडेल याचा नेम नसल्यानं सगळे कान देऊन ऐकू लागले. एकच भाजीवाली सोमवारी उदगिरी मराठी बोलायची आणि बुधवारी अहिराणी, आणि दोन्ही वेळा ती खरी वाटायची. मोठ्या भूमिका आणि छोट्या भूमिका हा भेदही यथावकाश गेला, कारण भूमिका मोजायच्या कशा हेच कळेनासं झालं.

गटानं मिळून नाटक रचणं आपल्याकडे नवं नाही. तमाशातली बतावणी पिढ्यान्‌पिढ्या अशीच घडत आली, आणि दिल्लीच्या जन नाट्य मंचानं १९७८ च्या 'मशीन'पासून पथनाट्याची जी वाट पाडली तीही गटाच्या बळावर. पण ती माणसं एकत्र राहत, फिरत, रोज भेटत. इथे विखुरलेपणातून तीच रीत पुन्हा शोधावी लागली, हा फरक.

आता दृश्यरूपाविषयी. टाळेबंदीत दुकानांसमोर चुन्यानं गोल आखले होते, ते सगळ्यांना आठवत असतील. उन्हात उभं कोण राहणार, म्हणून लोक गोलात चप्पल किंवा पिशवी ठेवून सावलीला बसत. नंदुरबारच्या मुलीनं रेशन दुकानासमोरचा असा एक फोटो गटावर टाकला. माणूस एकही नाही, चपलांची रांग मात्र शिस्तीत. त्या फोटोत नाटक सापडलं. रंगमंचावर गोल, गोलात चपला. नट चपलेत पाय घालतो आणि त्या माणसाचं बोलू लागतो. निघाला की चप्पल तिथेच राहते आणि दुसरा कुणी तिच्यात शिरतो. नट गैरहजर असला तरी पात्र हजर. पहिला नियम प्रेक्षकाला समजावून सांगायची गरजच उरली नाही.

रांगेनं नाटकाला काळही दिला. साथीची ती दोन वर्षं नुसत्या रांगांमधून सांगता येतात: एप्रिल २०२० पासूनची माणशी पाच किलो मोफत धान्याची, मे महिन्यातली दारूच्या दुकानांपुढची, श्रमिक गाडीसाठी अर्ज आणि डॉक्टरचा दाखला घेऊन पोलीस ठाण्याबाहेर ताटकळणाऱ्या मजुरांची, स्वॅबची, दुसऱ्या लाटेतली रेमडेसिविरची, स्मशानाबाहेरची, आणि शेवटी लसीची. थाळ्यांनंतरचे संहितेचे प्रवेश याच क्रमानं आहेत.

लसीच्या प्रवेशाची जन्मकथा सांगतो, कारण या पद्धतीत भांडणाचं काय होतं ते तिच्यावरून कळेल. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली आणि नोंदणी कोविन पोर्टलवर होती. ही रांग डोळ्यांना दिसत नव्हती आणि तिच्यात चप्पल ठेवता येत नव्हती. शहरात जागा मिळेना म्हणून अनेकांनी खेड्यातल्या केंद्रांवर नोंदणी केली आणि गाडी काढून तिथे जाऊन लस घेतली. आमच्या सिंहगड रस्त्याच्या मुलानंही तेच केलं आणि कॉलवर उत्साहानं सांगितलं. उदगीरकडची मुलगी म्हणाली, "आमच्या केंद्रावर असेच गाड्या घेऊन आले होते. गावातल्या बाया झाडाखाली बसून तुमच्याकडं बघत होत्या." त्या दिवशी कॉल चाळीस मिनिटांच्या आतच संपला, आणि तो झूमनं तोडला नव्हता.

समेट घडवायच्या भानगडीत मी पडलो नाही. पुढच्या तालमीत दोघांना एकमेकांच्या चपलेत उभं केलं. तिनं गाडीवाल्या मुलाचं बोलायचं, त्यानं झाडाखालच्या बाईचं. तिनं त्याची बाजू त्याच्यापेक्षा सरस मांडली: घरात मधुमेही वडील, कामावर जायची सक्ती, वाट बघायची तरी किती. तो मात्र त्या बाईला चार-पाच वाक्यांपुढे नेऊ शकला नाही. तिला काय वाटत असेल, ते त्याला सुचेना. संहितेत ती बाई तेवढीच वाक्यं बोलते. पुढे काही जाणकारांनी ती भूमिका वाढवा असं सुचवलं. मुलांनी नकार दिला, आणि मला तो पटतो. त्या बाईविषयी त्यांना जेवढं ठाऊक होतं, तेवढंच त्यांनी तिच्या तोंडी घातलं.

दुसरा नियम या अनुभवांतूनच पक्का झाला. ज्याच्यावर गुदरलं त्यानं ते स्वतः करायचं नाही, दुसऱ्यानं करायचं. आणि ज्याची हकीकत असेल त्याला कुठलंही वाक्य कधीही, कारण न देता, काढून टाकता येईल. याची कसोटी दुसऱ्या लाटेत लागली. रेमडेसिविरच्या रांगेचा प्रवेश गटातल्या एका मुलीच्या घरच्या अनुभवावर उभा होता आणि नाटक म्हणून तो सगळ्यांत बळकट होता. एके दिवशी तिनं तो पूर्ण काढायला सांगितला. हळहळ झाली. नाव बदलू, शहर बदलू, भावाऐवजी काका करू, असे पर्याय निघाले. तिनं कारण दिलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. प्रवेश गेला. त्या जागी आता एवढीच रंगसूचना आहे: गोल रिकामा, चप्पल नाही, सगळे त्याला वळसा घालून जातात.

साथीवरच्या लेखनात दुसऱ्याचं दुःख फार सहज उचललं गेलं, असं माझं निरीक्षण आहे. ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले; मागे पडलेल्या भाकऱ्यांचे फोटो देशभर फिरले आणि त्यावर बघता बघता कविता आणि नाटुकली आली. या गटातही तो प्रसंग घेऊ असं निघालं होतंच. यासाठी विचारायचं कुणाला, एवढाच प्रश्न कुणीतरी केला. उत्तर मिळालं नाही, म्हणून प्रवेशही झाला नाही.

या पद्धतीच्या उणिवाही नोंदवायला हव्यात. निर्णयांना वेळ फार लागतो. ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं, हे इथेही पुरतं टळलं नाही. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, या न्यायानं तालमींच्या नोंदी अनेकदा हरवल्या. अखेरचा हात तिघांनीच फिरवला, कारण संपादन गर्दीत होत नाही. बोलींची सरमिसळ मंचावर गोड लागते, कागदावर कुठे कुठे अडखळवते. स्वॅबचा प्रवेश लांबला आहे, हे मुलांनाही मान्य आहे.

नाट्यगृहं नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या प्रेक्षकांसाठी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबरला परत उघडली. मधे १५ फेब्रुवारीला कॉलेजं सुरू झाली होती, ती पुण्यात आठवडाभरच. त्या आठवड्यात ही मुलं पहिल्यांदा एका जागी आली. इतके महिने एकमेकांचे फक्त चेहरे पाहिलेले, "तू एवढा उंच आहेस?" यातच पहिली तालीम गेली. प्रयोग झाला तो डिसेंबरमध्ये, कॉलेजच्या पार्किंगमध्ये. प्रेक्षकांनाही चुन्याचे गोल आखून दिले होते. ऐन वेळी दोघांना ताप आला म्हणून ते आले नाहीत. प्रयोग रद्द करायचा का, हा विषयसुद्धा निघाला नाही. गेलं दीड वर्ष ज्यासाठी खटपट केली ते साधलं होतं.

२०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी, त्या योग्यतेची एकांकिका नाही म्हणून, करंडक कुणालाच दिला नाही. त्यावर 'हल्लीची मुलं' या विषयावर बरीच मतं ऐकायला मिळाली. मला वाटतं, तुटली होती ती देण्याघेण्याची साखळी. कॉलेजचं नाटक पुस्तकातून शिकवलं जात नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलाकडून पहिल्या वर्षाच्या मुलाकडे ते विंगेत, सामान वाहताना, चहाच्या टपरीवर जातं. दोन वर्षं ती गाठभेटच झाली नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ते पास होऊन निघून गेले. माहिती एकाच्या मुठीत ठेवणाऱ्या घडीला हा फटका जास्त बसतो. सगळ्यांना सगळं ठाऊक असावं, ही रीत सावकाश चालते, पण एक तुकडी गेली म्हणून तिचं सगळं ज्ञान तिच्याबरोबर जात नाही. आमच्या गटाच्या पुढच्या मुलांना हे नाटक बसवताना मी पाहिलं आहे, म्हणून हे म्हणतो.

हे नाटक करू इच्छिणाऱ्यांसाठी चार गोष्टी. नेपथ्याला चुना किंवा खडू आणि जुन्या चपला पुरतात. नव्या विकत घेऊ नयेत. संवाद पाठ करू नयेत, एकदा वाचून पुस्तक मिटावं. आपल्या बोलीत बोलावं. लसीनंतरची शेवटची रांग मुद्दाम लिहिलेली नाही. आज पहिल्या वर्षाला येणारी मुलं तेव्हा शाळेत होती. एका फोनवर तिघा भावंडांचे वर्ग, परीक्षेविना वरच्या वर्गात जाणं, मैदानाला लावलेलं कुलूप, यांतलं या संहितेत काहीही नाही. त्यांची रांग त्यांनीच रचायची आहे. प्रयोगासाठी गटाला मानधन नको आणि पत्र पाठवून परवानगी मागायचीही गरज नाही. दुसरा नियम मात्र मोडू नये. ज्याची गोष्ट घ्याल त्याला, अगदी तिसरी घंटा झाल्यावरसुद्धा, "हे काढा" म्हणता आलं पाहिजे. तेवढं पाळलंत तर बाकी सगळं बदललंत तरी चालेल.

पुणे